अभंगाचा स्वर आणि ध्वनिमुद्रणाचे शास्त्र

इंद्रायणीकाठच्या देहू गावाचे नाव घेतले की संत तुकाराम महाराजांची गाथा डोळ्यांपुढे उभी राहते. ही गाथा आज छापील स्वरूपात घरोघरी आहे. त्यामागे एका शासकीय प्रयत्नाचा मोठा वाटा आहे. मुंबई सरकारच्या आर्थिक साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथेची आवृत्ती सिद्ध केली व तिचे दोन खंड १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झाले. देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवून, पाठ ताडून पाहून हे काम करण्यात आले. साडेचार हजारांहून अधिक अभंगांचे शब्द त्यामुळे काळाच्या ओघातून वाचले.

परंतु अभंग ही केवळ वाचण्याची रचना नव्हे. तो गाइला जातो, टाळ-मृदंगाच्या साथीने उचलला जातो, आणि प्रत्येक फडाची, प्रत्येक दिंडीची, कित्येकदा प्रत्येक गावाची त्याला स्वतःची अशी चाल असते. ही चाल कोणत्याही गाथेत छापलेली नाही. स्वरलिपीत स्वर आणि मात्रा लिहिता येतात. पण आवाजाची फेक, अक्षरावरचा जोर, टाळकऱ्यांनी धरलेली लय आणि मृदंगमण्याने भरलेली जागा कागदावर पूर्णपणे उतरत नाही. ती गाणाऱ्याच्या कंठात असते आणि कंठाबरोबरच जाते. एखादा वृद्ध गायक निवर्तला की त्याला अवगत असलेल्या चालींपैकी ज्या शिष्यांनी उचलल्या नसतील, त्या कायमच्या लोपतात. शब्दांच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वी जे झाले, ते स्वरांच्या बाबतीत करण्याचे साधन म्हणजे ध्वनिमुद्रण होय.

संगीत-तंत्रज्ञान हा विषय आता विद्यापीठीय शिक्षणात येऊ लागला आहे. या विद्यार्थ्यांसाठी ध्वनिमुद्रण कक्ष उभारावयाचा म्हटले की उपकरणांची लांबलचक यादी पुढे येते. ही यादी मंजूर करणारे अधिकारी, विद्यार्थ्यांना शिकविणारे शिक्षक आणि आपल्या गावातील भजनी मंडळाचे मुद्रण व्हावे अशी इच्छा असलेले लोकप्रतिनिधी यांना त्यामागील शास्त्राची तोंडओळख असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ध्वनिमुद्रणाची वाटचाल

भारतात ग्रामोफोनसाठी पहिले पद्धतशीर ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. फ्रेडरिक गायस्बर्ग या तंत्रज्ञाने तेथे गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून उंच आवाजात गात असे आणि त्या आवाजाच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर रेषा कोरली जाई. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हलक्या आवाजातील बारकावेही टिपता येऊ लागले.

पुण्याचे या क्षेत्राशी नाते जुने आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. या कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे एक दिग्दर्शक विष्णुपंत दामले यांनी प्रभातच्या आरंभीच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रण सांभाळले होते, ही गोष्ट ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. देहूच्या संताची कथा पडद्यावर आणणाऱ्या जोडीतील एक कलावंत स्वतः ध्वनीचा जाणकार होता. प्रभातच्या त्याच जागेवर १९६० मध्ये आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेची सुरुवात झाली. तेथे ध्वनिमुद्रण व ध्वनिरचनेचे रीतसर शिक्षण दिले जाते. २००९ साली ऑस्कर पुरस्कार मिळविणारे ध्वनिरचनाकार रसूल पुकुट्टी हे याच संस्थेचे विद्यार्थी.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ याच केंद्रावरून आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. विद्यापीठांच्या पातळीवर मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे उदाहरण देता येईल. डॉ. अशोक दा. रानडे यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत त्याची धुरा वाहिली आणि संगीताच्या शिक्षणास अभ्यासाची व संशोधनाची बैठक दिली.

खोली हेच पहिले उपकरण

ध्वनिमुद्रण कक्ष म्हटला की अनेकांच्या मनात यंत्रांचे चित्र उभे राहते. वस्तुतः कक्षाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे ती खोली होय. तिने दोन स्वतंत्र कामे करावयाची असतात. बाहेरचा आवाज आत येऊ द्यावयाचा नाही, हे एक. आणि आतला आवाज भिंतींवर आपटून घुमू द्यावयाचा नाही, हे दुसरे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की खर्च वाया जातो.

पहिल्या कामासाठी वजन लागते. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत ध्वनी सुमारे ५० डेसिबलनी कमी करते. देहूच्या एका अंगास चाकण, दुसऱ्या अंगास तळेगाव व पिंपरी-चिंचवड असा औद्योगिक पट्टा आहे आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर जड वाहतूक अखंड चालते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी विभागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर औद्योगिक विभागात दिवसा ती ७५ आहे. ध्वनिमुद्रण कक्षात मात्र शांतता २५ डेसिबलच्या आसपास लागते. बाहेर ७० डेसिबल असतील तर भिंतीने ४५ डेसिबल अडविले पाहिजेत. चांगली भिंत हे काम सहज करते. पण दार, खिडकी आणि फटी घात करतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या अवघ्या एक शतांश भागाएवढे छिद्र राहिले, तरी त्या भिंतीची रोधनशक्ती २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून दाराखालची फट बुजविणे हे महागडा मायक्रोफोन घेण्याच्या आधीचे काम आहे. मालमोटारींची घरघर खालच्या स्वरांची असते आणि ती जमिनीतून, पायातूनही येते. ती अडविणे सर्वांत कठीण. त्यामुळे कक्षाची जागा निवडतानाच रस्त्यापासून दूरची निवडणे हिताचे ठरते.

दुसऱ्या कामासाठी, म्हणजे घुमणे कमी करण्यासाठी, मऊ व सच्छिद्र पदार्थ लागतात. या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने घातला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात शब्द ऐकूच येत नसे. बोललेले अक्षर साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ पासून त्याने ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या घेऊन रात्रीच्या शांततेत प्रयोग केले. किती गाद्या ठेवल्या म्हणजे घुमणे किती कमी होते, हे मोजून त्याने सूत्र बसविले. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्यास ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

उदाहरणादाखल शाळेची एखादी खोली घेऊ. लांबी ६ मीटर, रुंदी ५ मीटर, उंची ३ मीटर. घनफळ ९० घनमीटर. भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठभाग १२६ चौरस मीटर. सर्व पृष्ठभाग गुळगुळीत असल्यास ते पडणाऱ्या ध्वनीचा सुमारे विसावा भागच शोषतात, म्हणजे एकूण शोषण ६.३ एवढे. घुमण्याचा काळ येतो २.३ सेकंद. अशा खोलीत द्रुत लयीतील भजन मुद्रित केले तर टाळाचे ठोके एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरेल. जाड पडदे, सतरंज्या, काचलोकरीचे कापडात गुंडाळलेले तक्ते आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांच्या साहाय्याने शोषण ३६ पर्यंत नेले की हाच काळ ०.४ सेकंदावर येतो आणि खोली मुद्रणास योग्य होते. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे किंवा पातळ स्पंज लावला की बाहेरचा आवाज बंद होतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. हे पदार्थ हलके असल्याने बाहेरचा ध्वनी अडवू शकत नाहीत, आणि आतलेही केवळ वरच्या पट्टीतील स्वर थोडेफार शोषतात.

मायक्रोफोन आणि भजनाची बैठक

मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या कंपनांत रूपांतर करतो. त्याचे दोन प्रकार विद्यार्थ्याने प्रथम जाणून घ्यावेत. डायनॅमिक मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हालते. तो दणकट असतो, मोठा आवाज सोसतो आणि त्याला बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अतिशय पातळ पडदा आणि धातूची पट्टी यांच्यातील अंतर बदलले की विद्युत्धारिता बदलते. तो बारकावे उत्तम टिपतो; पण त्यास साधारणतः ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि ओल, धूळ व धक्का यांपासून त्याला जपावे लागते.

वारकरी भजन हा विद्यार्थ्याची खरी परीक्षा पाहणारा प्रकार आहे. गायक उंच पट्टीत गातात. टाळ हे पितळी, काशाचे वाद्य. त्याचा ध्वनी तीक्ष्ण आणि दूरवर पोचणारा. मृदंगाच्या एका पुडीवर शाई, तर दुसरीवर ओली कणीक. त्यामुळे एक बाजू सुरेल व टणत्कारयुक्त, तर दुसरी खर्जाची. विणा सर्वांत हळुवार, आणि नेमकी तीच प्रथम हरवते. सर्वांच्या मध्ये एकच मायक्रोफोन ठेवला तर टाळ सर्वांवर मात करतो आणि अभंगाचे शब्द ऐकू येत नाहीत. अनेक हौशी मुद्रणांत हाच दोष आढळतो.

यावरचा उपाय अंतराच्या नियमात आहे. मोकळ्या जागेत ध्वनीपासूनचे अंतर दुप्पट केले की त्याची पातळी ६ डेसिबलनी उतरते. म्हणून मुख्य गायकाच्या मुखापासून वीतभर अंतरावर एका दिशेनेच ऐकणारा मायक्रोफोन ठेवावा आणि त्याची पाठ टाळकऱ्यांकडे करावी. मृदंगाच्या दोन्ही पुड्यांसाठी स्वतंत्र मायक्रोफोन असावेत. दोन मायक्रोफोनमधील अंतर हे प्रत्येकाच्या आपापल्या ध्वनिस्रोतापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे. म्हणजे गायकाचा मायक्रोफोन २० सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा मायक्रोफोन त्यापासून ६० सेंटिमीटरपेक्षा जवळ नको. अन्यथा एकच आवाज दोन ठिकाणी किंचित मागेपुढे पोचून स्वर पोकळ वाटतो. टाळकऱ्यांसाठी थोडे दूर व उंचावर दोन मायक्रोफोन पुरतात. त्यांतच मंडपाचा आणि समुदायाचा भावही उतरतो.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. भजनाची बैठक ही शेकडो वर्षांच्या अनुभवातून बसलेली आहे. गायक, टाळकरी, मृदंगमणी व विणेकरी एकमेकांकडे पाहून लय सांभाळतात. मुद्रणाच्या सोयीसाठी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसविले, तर आवाज स्वच्छ मिळेल. पण भजन मिळणार नाही. यंत्राने भजनापाशी जावे, भजनाला यंत्राकडे ओढू नये. म्हणून विद्यापीठाच्या कक्षाजोडीला बॅटरीवर चालणारे, सहज उचलून नेता येणारे मुद्रणयंत्र असलेच पाहिजे. वीज गेली तरी ते चालते आणि विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरत नाही. कार्तिकातील काकड्याची पहाट, रस्ते अजून जागे झालेले नसताना, मुद्रणास फार अनुकूल असते.

स्वराचे अंकांत रूपांतर

पूर्वी ध्वनी चुंबकीय फितीवर साठविला जाई. आज तो अंकांच्या रूपाने साठविला जातो. संगणकास जोडलेले रूपांतरक यंत्र दर सेकंदास हजारो वेळा ध्वनीची पातळी मोजते. ध्वनितबकडीसाठी हे प्रमाण सेकंदास ४४,१०० वेळा असे ठरले आहे. जतनाच्या कामासाठी किमान ४८,००० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीस २४ बिट हे प्रमाण आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने सुचविले आहे. या प्रमाणाने दोन मार्गांवरील एक तासाच्या मुद्रणास सुमारे १ गिगाबाइट जागा लागते, आठ मार्गांवरील मुद्रणास सुमारे ४ गिगाबाइट. दोन तासांचे कीर्तन आठ मार्गांवर घेतले तरी ते आजच्या कोणत्याही साध्या साठवणयंत्रात सहज मावते. त्यामुळे जागा वाचविण्यासाठी मूळ मुद्रण आकुंचित स्वरूपात ठेवण्याचे कारण उरलेले नाही. आकुंचनात गाळला गेलेला ध्वनीचा अंश पुन्हा मिळविता येत नाही. ऐकण्यासाठी व पाठविण्यासाठी आकुंचित प्रत काढावी. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी.

अंकीय मुद्रणात आवाजाची कमाल मर्यादा ओलांडली की ध्वनी फाटतो आणि तो दोष नंतर दुरुस्त होत नाही. टाळाचा ठोका व गजराचा टिपेचा क्षण अचानक येतो. म्हणून पातळी कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली ठेवून मुद्रण करण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी.

नोंद, जतन आणि हक्क

नोंद नसलेले मुद्रण हे पत्ता नसलेल्या पत्रासारखे असते. अभंगाचा पहिला चरण, चाल कोणाकडून मिळाली, गायक व साथीदार यांची नावे, गाव, फड वा दिंडी, पट्टी, ताल, प्रसंग, तिथी व दिनांक, वापरलेली उपकरणे, इतकी माहिती त्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, असा नियम जगभर पाळला जातो.

या कामाचा उत्तम आदर्श पुणे जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी, मावळ व अन्य भागांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे. बर्नार बेल यांच्या सहकार्याने त्यांतील हजारो ओव्या प्रत्यक्ष गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात मुद्रित झाल्या आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. घरोघरी पिठाच्या गिरण्यांचे दळण आले, जाती थांबली. तरी त्या आवाजांपैकी पुष्कळ आज ऐकावयास मिळतात. वेळेवर झालेल्या मुद्रणाचे मोल यावरून कळून येते.

हक्कांचा विचारही तितकाच आवश्यक आहे. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचा मालकी हक्क नाही. परंतु ते गाणाऱ्याच्या सादरीकरणावर गायकाचा हक्क आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली झालेल्या सुधारणेने कलाकारांस हा हक्क मिळाला असून आता त्याची मुदत ५० वर्षांची आहे. म्हणून मुद्रणापूर्वी गायकांस उद्देश समजावून सांगून लेखी संमती घ्यावी, आणि मुद्रणाची एक प्रत मंडळास विनामूल्य द्यावी. गावाचा स्वर गावात ऐकता आला पाहिजे.

पंचायतींना व शाळांना काय करता येईल

मर्यादित निधीतून कक्ष उभारावयाचा असल्यास खर्चाचा क्रम असा ठेवणे इष्ट: प्रथम शांत जागा, घट्ट दारे व ध्वनिशोषण, त्यानंतर अर्थिंगसह निर्दोष वीजजोडणी, त्यानंतर चार-सहा भरवशाचे मायक्रोफोन, त्यांचे स्टँड व तारा, त्यानंतर रूपांतरक यंत्र आणि ऐकण्यासाठी हेडफोन व ध्वनिवर्धक, आणि सर्वांत शेवटी संगणक. पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. संगणक काही वर्षांत कालबाह्य होतो. चांगली खोली व चांगला मायक्रोफोन दशकानुदशके सेवा देतात.

नगरपंचायती व ग्रामपंचायतींना यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. आपल्या हद्दीतील भजनी मंडळांची व ज्येष्ठ गायकांची यादी करणे, मुद्रणासाठी समाजमंदिराची एखादी शांत खोली काही दिवस उपलब्ध करून देणे, त्या वेळेपुरते आसपासचे ध्वनिवर्धक बंद राहतील अशी व्यवस्था करणे आणि मुद्रणाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवणे, एवढे झाले तरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे अर्धे काम हलके होईल. शाळांतील शिक्षक नोंदीच्या कामात मोलाचा हातभार लावू शकतील. गावातील माणसे, नाती आणि परंपरा त्यांच्या परिचयाच्या असतात. विद्यार्थ्यांनाही यातून दुहेरी लाभ आहे. ज्याने टाळ, मृदंग, विणा आणि उंच पट्टीतील समूहगायन एकाच वेळी स्वच्छ मुद्रित करण्याचे कौशल्य मिळविले, त्याला चित्रपट, नभोवाणी वा रंगभूमी या क्षेत्रांत कोणतेही काम अवघड वाटणार नाही.

गाथेची हस्तलिखिते जमविणाऱ्यांनी गावोगाव जाऊन वह्या मिळविल्या, म्हणून आज शब्द आपल्यापाशी आहेत. त्या वह्या कापडात बांधून जपता येत होत्या; कंठातील चाल तशी बांधून ठेवता येत नाही. तिच्यासाठी वाट पाहण्यास वेळ थोडा आहे. विद्यापीठाचे तंत्र, पंचायतीचे सहकार्य, शिक्षकांची नोंद आणि वारकऱ्यांची संमती यांचा मेळ बसला, तर ज्येष्ठ गायकांच्या चाली पुढच्या पिढ्यांना ऐकता येतील आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या ऐकून शिकता येतील.